कौल आणि काचपट्टी

पेडणे,
९ जानेवारी १९९५

मधू,

डबी उघडण्याआधी हे वाच. आत मेणाचा एक चौकोनी ठोकळा आहे आणि त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी रुतलेलं दिसेल. ते बाबा आहेत.

घाबरू नकोस, बाबा चालतेबोलते आहेत. आत्ता माझ्या व्हरांड्यात बसून पाववाल्या पोदेराशी हुज्जत घालतायत, की उंडे पहिल्यासारखे राहिले नाहीत. पण बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात त्यांच्या प्रोस्टेटमध्ये सुई घालून हे तुकडे काढले आणि तपासले. कॅन्सर आहे. दिवाळीपासून लघवीचा त्रास होता, तो त्यांनी मला सांगितलाच नाही. सांगितला तुझ्या भावोजींना. मी विचारलं तर म्हणे, "जावयाक सांगलां तें पुरो. तुका कित्याक?" मुलीला कसं सांगायचं, ही लाज. त्या लाजेपायी दोन महिने गेले.

बांबोळीला तुझ्या वर्गातली अर्चना आहे, आता मोठी डॉक्टर झालीय. तिने मला बाजूला बसवून नीट सांगितलं. गाठीचा दर्जा मधला आहे. चांगला नाही, अगदी वाईटही नाही. हाडांपर्यंत काही गेलेलं दिसत नाही. आता एकतर मुंबईला नेऊन अख्खी ग्रंथी काढून टाकायची, ते मोठं ऑपरेशन आहे, किंवा थांबून बघत राहायचं. बाबा सदुसष्ट वर्षांचे, छातीही तेवढी धड नाही. कापलं तर त्यातच काही होईल, नाही कापलं तर तो आजार पसरेल. मी विचारलं, पसरेल की नाही ते कशावरून कळणार? ती म्हणाली, ठाम कशावरूनच नाही, पण तुमचा मधू मुंबईत त्याच्यावरच काम करतो, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनावर. ठोकळा पाठवून बघा.

म्हणून पाठवते आहे. तुझ्या भावोजींच्या बँकेतले एक गृहस्थ मुंबईला निघालेत, त्यांच्या हाती. नऊ वर्षं मी दर भाऊबीजेला तुला कार्ड टाकते आणि तू दर नव्या वर्षाला मला, आणि आत काही लिहायचं नाही असं दोघांचं जणू ठरलेलंच आहे. आज मी मोडलं. बाबांना विचारूनच पाठवतेय, ती काळजी नको.

लवकर बघ.

ताय


पेडणे,
२८ जानेवारी

मधू,

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांनी चार पानं, आणि त्यातली तीन पेशींवर! बरं, तीही वाचली. दोनदा वाचली. तू कोंकणीत लिहिलंस, मी मराठीत उत्तर देते आहे, आणि दोघांनाही दुसऱ्याचं अक्षर न् अक्षर कळतं. एवढं साधं होतं रे सगळं.

मला जे कळलं ते सांगते, चुकलं तर सांग. पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, कारण त्यांच्या कडेला ते प्रथिन असतं. ई-कॅडहेरिन. (नाव पाठ केलंय. बाबा मराठीचे मास्तर होते त्या शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवते.) तू त्या ठोकळ्याचे पापुद्र्यासारखे काप काढून काचपट्टीवर ठेवणार, त्यावर परदेशातून आलेलं औषध घालणार. जिथे प्रथिन आहे तिथे पेशींच्या कडेने तपकिरी रेघ उमटेल. रेघ अखंड दिसली तर पेशी जागच्या जागी आहेत. तुटली असेल, नाहीशी झाली असेल, तर त्यांनी हात सोडलेत आणि त्या निघून जाण्याच्या बेतात आहेत. बरोबर?

आणि मग तू लिहिलंस की हे अजून संशोधनातच आहे, उपचार ठरवायला वापरत नाहीत, युरोपातल्या दोन-चार ठिकाणी दिसलंय, आकडे लहान आहेत. मधू, मी तुझी परीक्षा घेत नाहीये. मला एवढंच सांग, बाबांच्या पेशी धरून आहेत की सुटल्यात?

आणि चौथ्या पानावर विचारतोस, "बाबांना खरंच विचारलंस ना ताय? नाहीतर मी ठोकळ्याला हात लावणार नाही." फार शहाणा झालास. तेव्हा कुणाला विचारून ताटावरून उठला होतास? आठवतं ना? गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, याचं रण पेटलेलं, तुझं नाव कोंकणीवाल्यांच्या पत्रकात छापून आलेलं, आणि बाबा पेडण्याच्या बाजारात मराठीच्या सभेत अध्यक्ष. जेवताना त्यांनी एवढंच म्हटलं, की ज्या मराठीच्या पगारावर वाढलास तिचा तरी मान ठेव. तू म्हणालास, भाषा पगारावर ठरत नाही. दोघेही कोंकणीतच भांडत होता, हे एकट्या मलाच दिसत होतं. हसू येत होतं मला. पुढे तू बांबोळीहून परस्पर मुंबई गाठलीस तेव्हा हसू थांबलं.

जाऊ दे. खरं सांगते. बाबांना विचारलं नव्हतं. तुझं पत्र आल्यावर सांगितलं, परवा. "मुंबईच्या एका लॅबमध्ये तुमचा तुकडा तपासायला दिलाय" असं म्हटलं. ते म्हणाले, तपासू दे, माझं काय जातंय. आता झाली ना परवानगी? तुझं नाव मात्र मी घेतलेलं नाही. ते घेतलं असतं तर त्यांनी ठोकळा परत मागवला असता, आणि तुला काय, तू दिलाही असतास.

ऑपरेशनचं विचारलं तर म्हणतात, "देवीक विचारतां. ती सांगत तें करतां." पुढच्या आठवड्यात गावी, आमोण्याला जाणार, ग्रामदेवी सातेरीला कौल लावायला.

लाव हात त्या ठोकळ्याला.

ताय


पेडणे,
१२ फेब्रुवारी

मधू,

कौल झाला. डावा.

तू विसरला असशील म्हणून सांगते. देवळाच्या मानकऱ्यांनी, गोकुळदास गावकरांनी, गाऱ्हाणं घातलं. पुजाऱ्याने दोन ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. बाबांनी विचारलं, "आवय, सुरयेखाला वचूं?" ऑपरेशन करू का, एवढंच. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी खांबाला टेकून उभी होते. फार वेळ लागला नाही. डावी टपकन पडली. उजवी तशीच.

तू म्हणशील, पाण्याने चिकटवलेली पाकळी, जिथे पाणी आधी सुकलं तिथून पडली. म्हण. मलाही शाळेत शिकवलंय. पण मी पाकळी बघतच नव्हते, मी बाबांचं तोंड बघत होते. डावी पडली आणि त्यांचं तोंड असं सैलावलं, परीक्षेचा पेपर रद्द झाल्यासारखं. सगळ्यांना वाटलं, मास्तरांची श्रद्धा. मला दिसली ती भीती. आमचा बाप घाबरलाय मधू, आणि त्याला कधी घाबरायला मिळालंच नाही, म्हणून ते कसं करतात ते त्याला ठाऊक नाही.

परत येताना आमोण्याच्या बंद घराचं जनेल बाहेरून उघडून आत बघितलं, सगळीकडे कोळिष्टकं. म्हणाले, आता इथेच येऊन राहतो. खुशीत होते. वाटेत पाळीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांनी अर्धा तास अडवलं, तरी चिडले नाहीत. म्हणजे बघ.

काचपट्टीचं काय झालं? रेघ अखंड असू दे. असेल तर तुला काही लिहायचीही गरज नाही, मी समजून घेईन, आणि कौलही खरा ठरेल, तुमचं विज्ञानही खरं ठरेल. मी कुठल्याच देवाला इतकं मागितलं नव्हतं.

ताय


पेडणे,
२६ फेब्रुवारी

मधू,

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं. घरी उघडायची हिंमत नव्हती. मामलेदार कचेरीत माझ्या टेबलासमोर जमिनीच्या तक्रारी घेऊन माणसं उभी, आणि मी वाचतेय की बऱ्याच पेशींच्या कडेला रेघच उमटली नाही. उमटली तिथेही तुटक. तू तीन वेळा करून बघितलंस, शेजारच्या निरोगी पेशींना रेघ छान आली, म्हणजे औषधात दोष नाही. एका बाईने विचारलं, मॅडम, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, शिक्का कुठे मारायचा सांगा.

अर्चनाला फोन केला. ती म्हणाली, मधूने मलाही कळवलंय, एवढ्यावर मी कुणाला ऑपरेशन करा असं लिहून देणार नाही. पण माझे वडील असते तर थांबले नसते. म्हणजे तुम्ही सगळे डॉक्टर सारखेच. कागदावर एक बोलता, फोनवर दुसरं.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, मुंबईहून काचपट्टीचा रिपोर्ट आलाय, तितका चांगला नाही, विचार बदला. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. देवीने सांगितलंय. विषय संपला. आवाज चढवला तर म्हणाले, "म्हज्या देवीपरस तुज्यो काचो व्हड जाल्यो?"

मग मी काय केलं ते ऐक. एकटी आमोण्याला गेले, गोकुळदास गावकरांकडे. म्हटलं, पुन्हा कौल लावायचाय. म्हणाले, "एकाच कामाक दोनदां कौल ना, बाय." मी हात जोडले, भांडले, रडलेसुद्धा, काही ठेवलं नाही. शेवटी ते म्हणाले, आपल्या देवळाची एक रीत आहे. कौल झाल्यानंतर एखादी नवी गोष्ट कळली, तर पुन्हा विचारता येतं. पण ज्याला ती कळली त्यानेच येऊन देवीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायची. सांगोवांगी चालत नाही.

कळली कुणाला? तुला. तुझ्या डोळ्यांनी बघितलंस तू.

तेव्हा ये. एक दिवस ये. देवळात उभा राहा, तुला दिसलं ते बोल, कुठल्याही भाषेत बोल, देवीला चालतं. मग पाकळ्या जे करायचं ते करोत. बाबा दुसऱ्या कशानेही हलणार नाहीत, आणि त्या पेशी काही तुम्हा बापलेकांचा समेट होईपर्यंत खोळंबून राहणार नाहीत. रविवारी, बारा मार्चला, गावकरांनी वेळ दिलीय.

तुझं नाव मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू आलास की कळेलच.

ताय


पेडणे,
७ मार्च

मधू,

"पाकळीला साक्षीदार म्हणून मी उभा राहू शकत नाही." वा! वाक्य छान जमलंय. तुझ्या कोंकणीवाल्यांच्या मासिकात छापून दे.

आणि पुढे, "बाबांनी बोलावलं तर येईन." ते काय बोलावणार? तू तपासलंयस हेच त्यांना माहीत नाही! आणि बोलावतील असा तो माणूस असता तर नऊ वर्षं गेली असती का? तू त्यांचाच मुलगा आहेस. तंतोतंत. तोच ताठा, तेच नाक. आणि मधे मी, दोघांच्या भांडणात भिजत घोंगडं घेऊन उभी.

शेवटी एक ओळ लिहिलीस ती मी कापून पर्समध्ये ठेवलीय. बाकीचं पत्र चुलीत गेलं.

येऊ नकोस. मीच जाते.

ताय


पेडणे,
१४ मार्च

मधू,

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते आहे. जमत नाही, तरी वाच.

रविवारी गेलो. बाबा, तुझे भावोजी आणि मी. बाबांना एवढंच माहीत, की मी हट्ट धरलाय म्हणून पुन्हा विचारायचं. ते चिडलेले. काजूचे दिवस, सगळा रस्ता बोंडांच्या वासाने भरलेला, एरवी ते त्यावर बोलल्याशिवाय राहत नाहीत.

गोकुळदास गावकर गाऱ्हाण्याला उभे राहिले आणि म्हणाले, नवी गजाल कोण सांगता? मी पुढे झाले. त्यांनी हात आडवा केला. "तूं न्हय, बाय. तूं दिल्ल्या घरची. आनी तुवें पळयलां?" मी म्हटलं, पाहिलं नाही, पण आणलंय. चालायचं नाही, म्हणाले. तुझे भावोजी माझी ओढणी धरून मागे खेचतायत, हळू म्हणतायत, तमाशा नको. मी म्हटलं, तमाशा होऊ दे.

तेवढ्यात बाबाच म्हणाले, "उलोवं दी तिका." बोलू दे तिला. मास्तरांचा आवाज, गावकरांनी हात खाली घेतला.

मी सांगितलं. पेशी, कडा, रेघ, सगळं. देवळातल्या बायका तोंडाकडे बघत राहिल्या. मी बोलता बोलता कोंकणीत कधी आले मलाच कळलं नाही. सांगून झालं आणि गावकरांनी तोच प्रश्न विचारला जो मी महिनाभर चुकवत होते.

"कोणें पळयलें हें?"

वाटलं, आता नाव घेतलं की बाबा उठून चालायला लागतील, आणि मग मुंबई नाही, ऑपरेशन नाही, काही नाही. पण देवीसमोर खोटं नाव कुठून आणू?

म्हटलं, "मधू. आमचो मधू. ताणें पळयलें."

बाबा उठले नाहीत. धोतराचा काठ दोन बोटांत धरून बसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तो खात्रेन सांगता?"

मी म्हटलं, नाही. खात्री नाही म्हणतो.

"कशें म्हणलां तें सांग. ताचींच उतरां."

मी पर्समधून तुझी ती ओळ काढली. चष्मा नव्हता, पण पाठच होती. "हांव खात्रेन सांगूंक शकना. पूण तो म्हजो बापूय. म्हाका राकून रावूंक जमचें ना."

थांबून राहणं तुला जमणार नाही, ही ओळ बाबांनी पुन्हा म्हणायला लावली. मी म्हटली.

मग गावकर म्हणाले, ठीक, मास्तरांची हरकत नसेल तर माझीही नाही, आणि पाकळ्या लावल्या. उजवी, डावी. गाऱ्हाणं झालं. आणि मधू, एकही पडेना. आम्ही सगळे टक लावून. पुजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर. मागे कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, ते बाहेर नेलं. ऊन देवळाच्या पायरीवरून आत आलं. पाकळ्या सुकून कडेने वळायला लागल्या तरी चिकटलेल्याच. मी मनात देवीला काय काय बोलले ते तुला सांगणार नाही. कधी नव्हे ती शिवीही दिली असेल.

गावकर म्हणाले, देवी आज बोलत नाही, पुढच्या महिन्यात बघू. मी ओरडणारच होते, की पुढचा महिना कुणी बघितलाय. तर बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. सरळ आत गेले आणि स्वतःच्या हाताने दोन्ही पाकळ्या काढल्या. पहिल्यांदा उजवी, मग डावी. गावकर "मास्तर! मास्तर!" म्हणत धावले. अशी गोष्ट त्या देवळात कुणी केलेली नाही.

बाबांनी पाकळ्या देवीच्या पायाशी ठेवल्या, हात जोडले आणि म्हणाले, "आवय, तुका कित्याक त्रास. तूंय सांगना, तोय सांगना. जाता तें म्हजें जाता. हांव सांगतां."

आणि मागे वळून तुझ्या भावोजींना म्हणाले, मुंबईची तिकिटं काढा.

गावकर अजून बोलत नाहीत आमच्याशी. शुद्धी करावी लागेल म्हणे. करू. नारळ, तांदूळ, जे सांगतील ते देऊ.

येताना बाबा पुढच्या सीटवर होते. म्हापसा मागे पडल्यावर, बाहेर बघत मला म्हणाले, "विनू, कापतना दुखता?" मी म्हटलं, भूल देतात बाबा, काही कळत नाही. मग म्हणाले, "मधू आसतलो मगे थंय?"

मी म्हटलं, असणार. म्हटलं, तोच घ्यायला येणार आहे, कधीचा कळवलंय त्याने.

तू काही कळवलेलं नाहीस. मी खोटं बोलले, देवळातून निघून अजून घरीही पोचलो नव्हतो. पण ते ऐकल्यावर बाबांनी सीटला डोकं टेकवलं आणि झोपले. तोंड उघडं टाकून झोपले. देवीने नाही म्हटलं होतं तेव्हाही असे झोपले नव्हते.

आम्ही मंगळवारी, एकवीस तारखेला सकाळी दादरला उतरतो. बाबा उतरताना आधी तुझ्याकडे बघणार नाहीत. सामान मोजतील, हमालाशी मराठीत वाद घालतील. तू त्यांच्या हातातली पिशवी घे. ते देणार नाहीत. तरी घे.

ताय